मिरजेच्या बाटलीतली झडप

हिंदुराव पोळ पोह्यांच्या बशीला हात लावेपर्यंत मुलीच्या घरात कुणाचा जीव थाऱ्यावर नसायचा. विटा, कडेगाव, तासगाव, सगळ्या पट्ट्यात सोयरीक जुळवायची तर पोळतात्यांनीच. आता लग्नं जुळवणारी ॲप आली होती. पोरापोरीच्या थुंकीचा थेंब घेऊन पुढच्या पिढीचे आजार सांगणारी यंत्रं आली होती. पण ॲप काय कुणाच्या ओट्यावर चपला काढून बसतंय? मधे माणूस लागतोच.

आणि तात्यांची खूण साऱ्या मुलखाला पाठ होती. तात्यांनी समोरचं खाल्लं, वर आणखी मागून घेतलं, की जमलं. बशी नुसती बाजूला सरकवली, की पाहुण्यांनी गुपचूप उठायचं. तोंडानं नाही म्हणून त्यांनी कुणाच्या लेकीला कधी खाली बघायला लावलं नाही.

आता असा धंदा म्हटल्यावर माणूस जन्मभर खातच राहणार. एका रविवारी तीन घरं, म्हणजे तीन वेळा पोहे, तीन वेळा लाडू-चिवडा, आणि एखादा खटपट्या बाप असला तर वर भजी. तात्यांचं पोट सगळं झेलत आलं. दगा दिला तो काळजानं. बलवडीत एका घरी माडीवर बैठक होती. अर्ध्या जिन्यात तात्यांच्या डोळ्यांपुढं अंधार आला आणि ते तिथंच पायरीवर बसले. मुलीचा बाप वरून ओरडला, "तात्या, वर या की, पोहे गार व्हायलेत!" तात्यांना उत्तर द्यायलासुद्धा वारा पुरेना.

मिरजेच्या हार्टच्या दवाखान्यात डॉक्टर मगदुमांनी छातीचं चित्र बघितलं आणि सांगितलं, काळजातून सगळ्या अंगाला रक्त सोडणारी जी मोठी झडप, तिच्यावर चुना साचलाय. दरवाजा गंजावा तशी ती निम्मीसुद्धा उघडत नाही. बदलायला पाहिजे. एवढं सांगून डॉक्टर गेले, आणि पुढचं समजवायला सिस्टर रुबीना मुजावर आल्या. बाई ठेंगणी, चष्मेवाली, आणि बोलायला अशी की तात्यांना वाटलं, ही आपल्या धंद्यात आली असती तर आपलं दुकान उठलं असतं.

तात्यांची बायको मालन शेजारी पदर सावरून बसली होती. सिस्टरांनी टेबलावर काचेची एक बाटली ठेवली. आत पाणी, आणि पाण्यात रुपयाएवढी पांढरट तीन पाकळ्यांची वस्तू. उघडत होती, मिटत होती.

"ही कुणाची?" मालननं विचारलं.

"ही नमुन्याची. तुमची अजून व्हायचीय." सिस्टर म्हणाल्या. "तात्या, पूर्वी आम्ही जनावराच्या काळजावरच्या पातळ पडद्याची झडप घालायचो. ती दहा-पंधरा वर्षांत झिजायची. मग माणसाच्या स्वतःच्या पेशींपासून झडप वाढवायचं निघालं. हाताच्या कातडीचा तीळभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी बारीक जाळीवर पेरायच्या, जाळी हळूहळू विरते आणि जिवंत झडप उरते. पण एक अडचण आली. त्या झडपा बाटलीत सगळ्या एकाच मापाच्या दाबावर वाढायच्या. खऱ्या माणसाच्या अंगात गेल्या की बावचळायच्या. आकसायच्या."

"नवी जागा सोसवायची न्हाई," तात्या म्हणाले.

"अगदी. म्हणून आता झडपेला आधीच तुमच्या घरची सवय लावतो." सिस्टरांनी बटणाएवढी एक चकती तात्यांच्या गळपट्टीच्या हाडाखाली चिकटवली. "ही तुमचा रक्तदाब क्षणाक्षणाला मोजणार आणि इथं बाटलीतल्या पंपाला कळवणार. तुम्ही जिना चढलात की पंपसुद्धा जोर करणार. तुम्ही झोपलात की तोही निवांत. त्या ठोक्यावर तुमची झडप वाढणार. आता नीट ऐका. तुम्ही मीठ खाल्लंत की अंगात पाणी धरून राहतं, दाब चढतो. चढलेला दाब सोसायला कोवळी झडप जाड होते. जाड झाली की ताठ होते. ताठ झडप मी तुमच्या काळजात बसवू शकत नाही."

"समजलं," तात्या म्हणाले. डॉक्टरकीतल्या माणसापुढं मान हलवायची, ही त्यांची जन्माची रीत.

"समजलं म्हणू नका. मला उलट सांगा. मी काय सांगितलं?"

तात्या गडबडले. मालन पुढं सरसावली, "मी सांगते की—"

"तुमची पाळी नंतर, मावशी."

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "म्हंजे असं बघा. पोरगी तुमच्याकडं वाढणार. पण वळण लागणार आमच्या घरचं. आम्ही घरात जसं वागू, तशी ती निघणार. आणि लगीन लागायच्या आत बिघडली तर नवरदेव गेला."

सिस्टर खो खो हसल्या. "हे मी पुढच्या पेशंटला सांगणार बघा."

मग जेवणाचं निघालं. लोणचं, पापड, फरसाण, खारी, बेकरीचा पाव बंद. तळण बंद, डालडा बंद. भाकरी चालेल, मोडाची उसळ, पालेभाजी, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे मूठभर. "मिठाचा डबा कपाटात वर ठेवून द्या," सिस्टर म्हणाल्या. मालननं मान डोलावली ती अशी, की डबा आता खाली येणार तो तिच्या तेराव्याला.

ऑपरेशनचंही सिस्टरांनी काही लपवलं नाही. जांघेतल्या नळीतून घडी केलेली झडप वर नेणार. तुम्ही जागे असणार. झडप उलगडताना काळजाला मुद्दाम फार जोरात पळवतात, म्हणजे तेवढ्यापुरतं रक्त थबकतं. गरगरेल. घाबरायचं नाही. तात्यांनी तेही उलट सांगून दाखवलं, हाताच्या कातडीचा तुकडा दिला आणि मोबाइलवर स्वतःच्या बाटलीचं सतत चालू राहणारं चित्र घेऊन घरी आले.

पहिले काही दिवस बाटलीत काहीच नव्हतं, नुसतं जाळं. मग जाळ्यावर सायीसारखं धरायला लागलं. मग एका सकाळी मालन चुलीपुढून ओरडली, "आवो, हिनं डोळा मिचकावला!"

पहिली खरी परीक्षा तासगावात झाली. महिपती साळुंख्यांची ऋतुजा, मातीची तपासणी करणारी शिकलेली पोर, आणि पलूसचा मुलगा. सगळं जुळत आलेलं. पोहे आले. वर शेव, खोबरं, बाजूला भजी. सगळ्या बैठकीची नजर तात्यांच्या हाताकडं. तात्यांनी बशी उचलली आणि, काय करणार, बाजूला ठेवली.

मुलाची आई पदर सावरत उठायलाच लागली. महिपती तांबडाबुंद झाला. "तात्या, आता सरळ सांगा. पोरात खोट हाय का आमच्यात?"

"खोट माझ्यात हाय," तात्या म्हणाले. "बसा सगळे. बसा म्हणतो ना!" त्यांनी मोबाइल काढून मधोमध पाटावर ठेवला. "ही बघा माझी झडप. मिरजेला हाय. मी हितं भजी खाल्ली की ती तिथं सुजणार."

सगळी मुंडकी मोबाइलवर वाकली. पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या. ऋतुजा पोह्यांचा ट्रे खाली ठेवून मांडी घालूनच बसली. "तात्या, हे आत्ताचं आहे? लाईव्ह?"

"तर! आता तुझ्या बापानं आवाज चढवला ना, बघ कशी दचकली ती."

"काका, हळू बोला," पलूसचा मुलगा महिपतीला म्हणाला. पोरानं बैठकीत उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. ऋतुजा फिसकन हसली, आणि चाळीस वर्षं असली हसणी वाचत आलेल्या तात्यांना कळलं की इथलं काम झालं. त्यांनी घरात पपई आहे का विचारलं. एक फोड खाल्ली. दुसरी मागून घेतली. बैठकीतून असा उसासा निघाला की मोबाइलवरची झडपसुद्धा निवांत दिसायला लागली.

त्या संध्याकाळी तात्या बॅटरीच्या एसटीतून शीळ घालत घरी आले. पुढच्या आठवड्यात सिस्टरांचा फोन आला.

"तात्या, मीठ चालू आहे."

"काय बोलताय! कण न्हाई."

"दाब बघते ना मी. रोज दोन्ही जेवणांनंतर चढतोय, उतरायला वेळ लागतोय. तुम्ही कळवता ते वजनसुद्धा वाढलंय. झडपेची एक पाकळी जाड व्हायला लागलीय. तात्या, मी रागावत नाही. पण मला खरं सांगा."

"खरंच सांगतोय, पोरी."

मालन उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवला तसं म्हणाली, "कुणाच्यात खाऊन येताय?"

"कुणाच्यात न्हाई."

"मी मिठाचा डबा माळ्यावर टाकलाय. घरात खारट काही न्हाई. मग ते मीठ काय आभाळातनं पडतंय व्हय तुमच्या पोटात?"

"मालन, मी शब्द देतो—"

"दुसऱ्याच्या पोरांबद्दल शब्द देऊन देऊन तुमचा शब्द गुळगुळीत झालाय!"

तात्या उठून ओट्यावर जाऊन बसले. अशा बाईला काय बोलायचं? यंत्र तिच्या बाजूनं होतं. त्यांनी घरोघरी बशा परत केल्या होत्या, लोकांची तोंडं आंबट झाली ती सोसली होती, एक बैठक तर त्यापायी मोडली होती. आणि घरात ते चोर ठरले. जेवताना मालन ताट वाढायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. तात्या निमूट खायचे, सगळं संपवायचे. तिच्या हातचं टाकावं एवढा राग त्यांना कधी धरता आला नाही. आणि जेवण उतरलं की मोबाइलवरची ती पाकळी आणखी आखडायची.

पण मालननं पुढं केलं ते वाईट केलं. तात्या जिथं जिथं बैठकीला गेले होते तिथं तिथं तिनं फोन लावले. ह्यांनी तुमच्यात काय खाल्लं, खरं सांगा.

महिपती साळुंखे दुसऱ्या दिवशी स्वतः तात्यांशी फोनवर बोलला. "तात्या, वहिनींचा फोन आलता. राग मानू नका. पण पोराला व्यसन न्हाई, घर चांगलं हाय, हे आम्ही तुमच्या शब्दावर धरलं. आन् तुमच्या बायकोचाच तुमच्यावर भरवसा न्हाई. आम्ही काय समजायचं? सुपारी फोडायचं जरा लांबणीवर टाकू."

तात्यांनी फोन खाली ठेवला. छातीत कळ नव्हती, पण तीच बरी असं त्यांना वाटलं.

शेवटी डॉक्टर मगदुमांचा निरोप आला. पाकळी अजून कोवळी आहे, आठवडाभर दाब खाली राहिला तर वळेल. नाही वळली तर ही झडप टाकून द्यावी लागेल आणि नवी वाढवायला चार महिने. आणि चार महिने तात्यांची जुनी झडप दम धरेल का, त्याची हमी डॉक्टर देऊ शकत नव्हते. सिस्टर रुबीनांनी व्हिडिओवर दोघांना समोर बसवलं.

"आज मला कोण चुकलं ते नको," त्या म्हणाल्या. "मावशी, मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात चला. काल रात्री काय केलंत ते मला दाखवा."

मालननं दाखवलं. लपवायचं काय होतं तिला? मटकीची उसळ. भाकरी. काकडीची कोशिंबीर.

"उसळीत काय काय घातलं?"

"लसूण, जिरं, चटणी घरची, बिनमिठाची. चमचाभर तेल."

"बिनमिठाची लागते का हो चांगली?"

"लागंल न्हाई तर! सैंधव घालते की."

मोबाइलमधला चष्मा पुढं झुकला. मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "काय घालता?"

"सैंधव. शेंदेलोण. हे काय." मालननं फळीवरची बरणी पुढं धरली. गुलाबी खडे, काठोकाठ. "उपासाचं हाय ते. उपासाला चालतं, म्हंजे मीठ न्हाईच की ते. म्हटलं माणसाला निदान चव तरी लागावी."

"मावशी," सिस्टर म्हणाल्या, "ते देवाला चालतं. काळजाला नाही चालत. खाणीतून निघालं काय आणि समुद्रातून निघालं काय, आत एकच वस्तू आहे. ते मीठच आहे, मावशी. रंगच तेवढा वेगळा."

मालनच्या हातातली बरणी तशीच राहिली. तिनं ती बघितली, मोबाइल बघितला, आणि मग नवऱ्याकडं बघितलं. दोन्ही जेवणांना, रोज, भिंतीकडं तोंड करून, स्वतःच्या हातानं.

तात्यांनी ह्या वेळेसाठी भाषण तयार ठेवलं होतं. किती दिवस मनात घोळवत होते. त्यात महिपती होता, मोडलेली बैठक होती, गुळगुळीत शब्द होता. आता बोलायची वेळ आली आणि समोर ही बाई अशी उभी, की वाऱ्याच्या झुळकीनं खाली बसावी.

"सिस्टर," तात्या म्हणाले, "चूक माझी पण लिवा. उसळ खारट लागत हुती. मला कळत हुतं की. पण मी इचारलंच न्हाई. मनात म्हटलं, काय हाताला चव हाय माझ्या मालनच्या, बिनमिठाचं खारट करतीया!"

सिस्टर हसल्या. मालन हसली नाही, रडायला लागली. तात्यांनी तिच्या हातातली बरणी काढून घेतली. "रडू नगंस. माझा दाब चढंल."

"चढू द्या," मालन म्हणाली, आणि डोळे पुसून आधी फोन उचलला तो तासगावला लावायला. तात्या ओट्यावर बसून ऐकत होते. "महिपतीभावजी, मी मालन बोलतीया. मागं फोन केला तो ध्यानात हाय न्हवं? मग आता हेही ध्यानात ठेवा. ह्यांनी कुणाच्यात कण खाल्ला न्हवता. मीच घालत हुते. व्हय, मीच. आन् ही गोष्ट चार माणसांत सांगा. सांगायचीच. मी घरोघरी फोन करून नाव घालवलं, तसंच घरोघरी फोन करणार हाय." आणि तिनं केले. संध्याकाळपर्यंत कडेगावापासून तासगावापर्यंत सगळ्यांना शेंदेलोणाचं कळलं, आणि बऱ्याच घरांत बायकांनी आपापल्या बरण्यांकडं वाकडी नजर टाकली.

मग सुरू झाला तो आठवडा. पहिल्या दिवशीचं कालवण तात्यांना ओल्या गवतासारखं लागलं. मालनही तेच खात होती, तिनंही तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी तिनं तीळ खमंग भाजून कुटले. लसूण तव्यावर डाग पडेपर्यंत परतला. वर लिंबू पिळलं, चिंचेचा कोळ घातला. तात्यांनी घास घेतला, थांबले, परत घेतला.

"ह्यात काय घातलंस?"

"आता इचारताय व्हय!"

"आता जन्मभर इचारणार."

जेवण झालं की दोघं मोबाइल पुढ्यात घेऊन बसायची. दूध उतू जाईल का म्हणून बघत बसतात तसं. दाब चढायची वेळ यायची आणि जायची. आखडलेली पाकळी रोज सुताएवढी सैल पडत होती. एका सकाळी तिन्ही पाकळ्या एका दमात उघडल्या, एका दमात मिटल्या, आणि मधे फट राहिली नाही. मालननं मोबाइलवरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. मिरजेहून डॉक्टर मगदुमांनी तारीख दिली.

ऑपरेशनच्या दिवशी तात्या आत गेले आणि मालन बाहेर बाकड्यावर बसली. शेजारी जतकडची एक बाई होती. तिचा नवरा दुसऱ्या टेबलावर, तिच्याही मोबाइलवर त्याची झडप. अचानक त्या बाईचं चित्र काळं झालं. तिनं किंकाळीच फोडली. "बंद पडली! अगं बाई, बंद पडली!"

"बंद न्हाई पडली," मालननं तिचा हात गच्च धरला. "बस. बाटलीतनं काढली की चित्र जातं. आता ती घडी करून नळीतनं वर जायची. मग त्यांचं काळीज घोड्यावाणी पळवतील. त्यांना गरगरंल, पण ते ठरवून केलेलं हाय. मग ती उमलंल. काय सांगितलं मी? उलट सांग बघू."

ती बाई हुंदके देत देत उलट सांगायला लागली. घडी... नळी... घोडं... ती उमलंलपर्यंत आली तेवढ्यात मालनचाही मोबाइल काळा झाला. मालननं तो पालथा मांडीवर ठेवला. जतच्या बाईचा हात तिनं सोडला नाही. "पुढं?" ती म्हणाली. "पुढं सांग की. उमलल्यावर काय?"

आत तात्यांचं डोकं गरगरलं. छतावरचा दिवा लांब गेला. त्यांना आठवलं, हे ठरवून केलेलं आहे, म्हणून ते घाबरले नाहीत, नुसते थांबून राहिले. आणि मग अंगातून असं काही सुटलं, की कित्येक वर्षं दाराला टेकून बसलेलं माणूस एकदम उठून गेल्यासारखं. बोटांच्या टोकापर्यंत ऊब आली. पडद्यावर तीन पाकळ्या उघडल्या, आणि त्या ह्या वेळी बाटलीत नव्हत्या.

"काय वाटतंय, पोळकाका?" डॉक्टर मगदुमांनी विचारलं.

"वारा पुरतोय," तात्या म्हणाले. एवढंच म्हणाले.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर स्वतः खोलीत आले. पाठीमागं सिस्टर रुबीना. डॉक्टरांनी नळी कानाला लावून बराच वेळ ऐकलं, खूष झाले, आणि मग चष्म्यावरून तात्यांकडं बघितलं. "आता बाटली नाही, पंप नाही, चकतीसुद्धा काढली. आता तुमच्यावर नजर ठेवायला आमच्याकडं काही नाही. बाहेर लोक आग्रह करणार. तुमचा धंदाच तसला. जेवणाचं पाळाल ना?"

तात्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मालन बोलली. पिशवी भरता भरता, मान वर न करता.

"ते पाळतील म्हणालेत, डॉक्टर. त्यांनी शब्द दिलाय." तिनं पिशवीची गाठ मारली. "आता मी पुन्हा फोन लावून इचारणार न्हाई कुणाला."

तात्यांनी टोपी घातली, पिशवी तिच्या हातातून स्वतःकडं घेतली, आणि लिफ्ट समोर असताना जिन्याकडं वळले.